आस्वादाचा प्रश्न आणि वजडीची वाटी

१

मराठी समीक्षेतील कितीतरी शब्द स्वयंपाकघरातून आलेले आहेत. रस, रुची, अभिरुची, आस्वाद, रसिक. कवितेपुढे बसलेला वाचक हा पंगतीला बसलेल्या माणसासारखा असून कवितेने त्याला तृप्त करावे, असे या शब्दांनी गृहीत धरलेले असते. दलित साहित्य उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले भांडण याच गृहीताशी झाले. आमची वेदना ही तुमच्या आस्वादाची वस्तू नाही, असे त्या पिढीने बजावले. पुढे शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकात आनंदाची कसोटी नाकारून स्वातंत्र्याच्या मूल्यावर या साहित्याची पारख करावी, अशी मांडणी केली.

हा वाद आपण जिंकला, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. गेल्या वर्षी पुण्यातील एका महागड्या उपाहारगृहात जेवायला बसलो आणि ध्यानात आले की, साहित्यातून आपण हुसकून लावलेला आस्वाद ताटातून परत आलेला आहे. त्या जेवणाचे परीक्षण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी मराठी शिकवतो; पाकशास्त्रातले मला कळत नाही. पण त्या जेवणाबरोबर एक छापील पुस्तिका होती, आणि मजकूर वाचणे हे माझे काम आहे.

२

हा प्रकार काय आहे ते आधी सांगायला हवे, कारण आपल्यापैकी थोड्यांनीच तो पाहिलेला असेल. इथे यादी पाहून पदार्थ मागवायचे नसतात. ठरलेल्या क्रमाने आठ-दहा वाट्या-बशा येतात. प्रत्येकीत दोन-तीन घास. प्रत्येक घासाबरोबर एक गोष्ट सांगितली जाते. दिवे, आवाज, वास, भांडी हे सारे त्या गोष्टीला जुळवलेले असते. इंग्रजीत याला 'इमर्सिव्ह डायनिंग' म्हणतात. म्हणजे जेवणाऱ्याला एखाद्या प्रदेशात बुडवून काढायचे.

ही रीत जग फिरून आपल्याकडे आली आहे. कोपनहेगन शहरात २००३ साली 'नोमा' सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी उत्तर युरोपातील आचाऱ्यांनी आपल्या भूमीत व आपल्या ऋतूंत पिकेल त्यावरच पाककला उभी करण्याचा जाहीरनामा काढला. पेरू देशातील लिमा शहरात 'सेंट्रल' नावाचे उपाहारगृह आहे. समुद्रापासून अँडीज पर्वतापर्यंतच्या निरनिराळ्या उंचींवर जे मिळते त्यावर तिथल्या जेवणाची रचना केलेली असते. २०२३ साली जगातील पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत ते पहिले आले. मुंबईत २०१६ साली 'मास्क' निघाले आणि देशी जिन्नस व ठरलेल्या क्रमाचे जेवण यांसाठी नावाजले गेले. परदेशी सॉसपेक्षा ज्वारी-नाचणीला मान मिळावा यात वाईट काही नाही. युरोपची नक्कल करण्याच्या लाचारीतून आपला आचारी बाहेर पडत असेल तर मी त्याचे स्वागतच करीन.

पुण्याला मला नेले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. मुलगा आमच्याच तालुक्यातला, आमच्याच समाजातला. दोन वर्षे माझ्या वर्गात बसला, मग हॉटेलचा अभ्यासक्रम करून पुण्याला गेला. त्या उपाहारगृहाच्या भटारखान्यात तो मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो. तिथल्या नोकरांना वर्षातून एकदा एक पाहुणा आणता येतो. "सर, तुम्हीच या. आई-दादा इथं बुजतील," असे तो म्हणाला. मीही बुजलो, ते त्याला सांगितले नाही.

खोलीत अंधार होता. भिंती सारवल्यासारख्या दिसत होत्या, पण शेणाचा वास नव्हता. कुठून तरी जात्याची घरघर आणि ओवी ऐकू येत होती, ओवी विठ्ठलाची. पहिल्या बशीचे नाव 'काळी माती'. तिच्यात रुपयाच्या नाण्याएवढी ज्वारीची भाकरी, वर ठेच्याचा ठिपका. मग हुरडा आला, अंबाडी आली. सहाव्या खेपेला 'शिवार' आले. मातीच्या लहानशा वाटीत येसर घालून शिजवलेली बकऱ्याची वजडी होती आणि वर काचेच्या झाकणात गोवरीचा धूर कोंडलेला होता. वाढणाऱ्या मुलीने झाकण उचलले, धूर वर गेला, आणि शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. या जेवणाचा माणशी दर साडेचार हजार रुपये होता.

चव चांगली होती. हे लिहिले नाही तर परीक्षण अप्रामाणिक होईल. येसर नीट भाजलेले होते, वजडीला कसलाही वास नव्हता. नंतर कळले की येसराची कृती माझ्या विद्यार्थ्याच्या आजीची आहे. मुख्य आचाऱ्याने हाताखालच्या मुलांना आपापल्या घरची एकेक कृती आणायला सांगितले होते. याने आजीला विचारून ही आणली. पुस्तिकेत ती म्हातारी 'गावाकडची एक आजी' झाली होती.

३

त्या पुस्तिकेत या वाटीविषयी एक वाक्य छापलेले आहे : 'काहीही वाया जाऊ न देणाऱ्या ग्रामीण मराठवाड्याच्या काटकसरीतून ही चव जपली गेली.' वाक्य सुबक आहे आणि लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नाही. म्हणूनच ते तपासण्यासारखे आहे.

'काटकसर' हा शब्द पाहा. काटकसर तो करतो, ज्याच्याजवळ असते आणि जो हात आखडता घेतो. वजडी, मुंडी, खूर, रक्त ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी काटकसर केली नव्हती. दुसऱ्याने टाकून दिलेले त्यांनी शिजवले. काही वाया गेले नाही हे खरे. पण एका आळीने वाया घालवलेले दुसऱ्या आळीने खाल्ले, म्हणून ते गेले नाही. या व्यवहाराला शहाणपण म्हणायचे असेल तर ते कोणाला परवडले, हेही सांगावे लागेल.

'ग्रामीण' हा शब्द त्याहून सोयीचा आहे. आमच्या मराठवाड्यात गाव ही एक वस्तू कधीच नव्हती. गावठाण होते, वेस होती, आणि वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा होता. एकाच जनावराचे मांस कोणाच्या घरी कोणत्या अवयवाचे जाईल, हे ठरलेले होते. मेलेले ढोर ओढून न्यायचे कोणी हेही ठरलेले होते. येसकराची पाळी असलेल्या घराने दारोदार फिरून शिळ्या भाकरी गोळा करायच्या आणि त्यालाच आपला हक्क मानायचे, अशी ती रचना होती. 'ग्रामीण' म्हटले की वेस दिसेनाशी होते.

'जपली गेली' या क्रियापदाविषयी मी वर्गात शिकवतो तेच सांगतो. या प्रयोगात कर्ता लपवता येतो. चव कोणी जपली? वजडी साफ करणे हे तासाभराचे काम असते. गरम पाणी, चुना, पुन्हा पुन्हा खरवडणे, घड्यामागून घडे पाणी. पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न आमच्या वस्तीत स्वयंपाकाच्या आधी सुटावा लागे. हे काम मी स्वतः कधी केलेले नाही, पाहिलेले आहे. आमच्या घरातही ते बाईवरच होते, आणि आम्ही पुरुषांनी त्याची नोंद घेतली नाही. पुस्तिकेने कर्ता लपवला, हे म्हणताना आपल्याही लेखनातील हा दोष मान्य केला पाहिजे.

ओवीचेही असेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यांत विठ्ठलाच्या ओव्या आहेत तशा दळणाऱ्या दलित बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. जाते तेच, गळाही त्याच मातीतला. पण वातावरण तयार करायला बसलेल्या माणसाचा हात विठ्ठलाकडेच जातो, कारण विठ्ठलाने जेवणाऱ्याची भूक मरत नाही.

कर्त्यासह लिहिता येत नाही असे मात्र नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ला (१९७८) ते आले. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' या नावाने दलितांच्या अन्नविषयक आठवणी व इतिहास प्रसिद्ध केला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. २०२४ साली ते इंग्रजीतही आले. पाटोळ्यांच्या पुस्तकात कृती आहेत, पण प्रत्येक कृतीच्या मागे जात उभी आहे. एका प्रसिद्ध वचनाला त्यांनी शीर्षकात लावलेला 'अ' हीच त्या पुस्तकाची भूमिका होय. पुस्तिकेतून हा 'अ' तेवढा गाळलेला आहे.

४

अन्नाच्या बाबतीत जात ही हातातोंडाशी असते. मुंबईच्या गिरण्यांचे एक उदाहरण इथे आठवावे. कापडखात्यात साच्यावर काम करणाऱ्याला धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. धाग्याला थुंकी लागते, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ द्यायचे नाही, असा स्पृश्य कामगारांचा हट्ट होता. पगार त्या खात्यात जास्त, आणि बंदीही तिथेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला आणि संपाच्या मागण्यांत तो यावा असा आग्रह धरला. यंत्रयुग आले, पण उष्ट्याचा नियम साच्यावर जाऊन बसला. कामगार जेवत ते गावागावाच्या, जातीजातीच्या खाणावळींत. त्या चालवणाऱ्या बायकांची संघटना व्हायला १९७५ साल उजाडले. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

हे उदाहरण मी दुरून आणलेले नाही. मुंबईतील अशा जेवणाची नामांकित ठिकाणे गिरण्यांच्या आवारांतच उघडली. 'मास्क' निघाले ते महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात. देशी पदार्थांना नवे रूप देणारे 'बॉम्बे कॅन्टीन' २०१५ साली निघाले ते लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. संप फुटला, गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियमावलीने आणि तिच्यातील २००१ च्या बदलाने जमिनी मोकळ्या झाल्या. हा दोष जेवण वाढणाऱ्यांचा नाही. पण प्रदेशाची गोष्ट सांगणे हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी पायाखालच्या जागेची गोष्टही सांगायला काय हरकत आहे?

आणि हा नियम संपलेलाही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित बाईने शिजवलेले माध्यान्ह भोजन सवर्ण मुलांनी नाकारले, आणि त्या बाईलाच कामावरून काढण्यात आले. म्हणजे हाताची जात कळली की वरणभातही नको होतो, आणि हाताची जात झाकली की वजडीलाही टाळ्या पडतात. माझ्या विद्यार्थ्याला हे माझ्यापेक्षा चांगले कळते. आजीची गोष्ट आचाऱ्याला पूर्ण का सांगितली नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, आजी सांगितली की वस्ती विचारतील. वस्ती सांगितली की हाच हात उद्या पिठात घालू देतील का, मला माहीत नाही."

मी त्याला भित्रा म्हणू शकलो नाही. महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीत आईने दिलेला डबा भिंतीकडे तोंड करून मीही कैक दिवस खाल्लेला आहे.

५

आता आपल्या बाजूचा अवघड प्रश्न. 'विस्मृतीत गेलेले पदार्थ' हा या उपाहारगृहांचा आवडता शब्दप्रयोग आहे. त्यांना ते शोधून काढायचे असतात. आमच्या बाबतीत हा शब्द साफ चुकीचा आहे. आम्ही विसरलो नव्हतो, आम्ही सोडले होते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोरांचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. तळ्याचे पाणी घेणे आणि हे मांस टाकणे ही एकाच लढ्याची दोन अंगे होती. आमच्या वस्तीत हा संदेश खऱ्या अर्थाने रुजला तो १९५६ च्या धर्मांतरानंतर. माझी आजी तेव्हा नवी सून होती. चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. दोरीवर टाकायच्या, कावळे राखायचे, पावसाळ्यासाठी गाडग्यात भरून ठेवायच्या. वस्तीने एके दिवशी ठरवले आणि घरोघरची गाडगी बाहेर आणून फोडली. आजी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात अभिमान असायचा, पण लगेच ती पुढचेही सांगायची. ढोर ओढायचे थांबले म्हणून गावाने बलुते बंद केले, दोन हंगाम कोणी कामाला बोलावले नाही, आणि पावसाळ्यात गाडगे रिकामे होते. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्ला. पण फोडलेले गाडगे पुन्हा भरले नाही.

म्हणून आमच्या अन्नाचा इतिहास हा पदार्थांचा तेवढाच नकाराचा इतिहास आहे. जे खाल्ले त्याच्याइतकेच जे खायचे नाकारले तेही त्यात मोजावे लागते. कोणत्याही ठरलेल्या क्रमाच्या जेवणात या नकाराला बशी नाही. फुटलेले गाडगे वाढता येत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की आमच्या खाण्याची आम्हाला लाज वाटावी. मेलेले ढोर ओढायला लावून त्याचे मांस माथी मारणे वेगळे, आणि आपल्या आवडीने, आपल्या पैशाने मांस खाणे वेगळे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेची उत्पत्ती यांचा संबंध तपासला, तो हा प्रश्न लाजेतून काढून इतिहासात नेण्यासाठीच. उलट २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूच्या हत्येवरही बंदी आली. गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. प्रदेशाच्या ताटातला एक घास कायद्याने आधीच उचलून घेतलेला आहे. उरलेल्या ताटाला 'प्रदेशाची संपूर्ण संस्कृती' म्हणून गौरवताना या रिकाम्या जागेचा उल्लेख मी तरी कुठल्या पुस्तिकेत वाचलेला नाही.

६

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, या मंडळींमुळे ज्वारी-बाजरीला भाव येतो, आपल्या मुलांना नोकऱ्या मिळतात. हे खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या पगारावर त्याच्या बहिणीचे शिक्षण चालले आहे. पण पोट भरते म्हणून मजकूर तपासायचा नाही, हा नियम आपण साहित्यात मानला नाही. इथेही मानू नये.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल : आपले पदार्थ मोठ्या लोकांच्या ताटात गेले, हा आपला गौरवच नाही का? इथेच आपण सावध राहिले पाहिजे. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली 'दलित फूड्स' या नावाने मसाले आणि लोणची विकायला काढली. लोणचे कोणाच्याही घरी असते तसेच. नवे होते ते बरणीवरचे नाव. ज्या हाताचा विटाळ मानला त्या हाताचेच नाव वाचून घेणाऱ्याने पैसे मोजायचे होते. पुण्याच्या वाटीत नेमके याच्या उलट होते. पदार्थ आमचा, चव आमची, आणि हाताचे नाव तेवढे गाळलेले. असा गौरव म्हणजे जुनाच आस्वाद होय. फरक एवढाच की आधी आमच्या वेदनेचा घेत होते, आता आमच्या वजडीचा घेतात.

तेव्हा ताटात जागा मागणे हे आपले काम नाही. नोंद करणे हे आपले काम आहे. आपल्या महाविद्यालयांतून दर वर्षी प्रकल्पाच्या नावाखाली शेकडो वह्या भरल्या जातात आणि रद्दीत जातात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या एका म्हाताऱ्या बाईसमोर बसून चार गोष्टी लिहून आणाव्यात. काय शिजवत होतीस? ते वाट्याला कसे आले? साफ कोणी केले, पाणी कुठून आणले? आणि कोणते कधी सोडलेस, का सोडलेस, त्याची किंमत काय पडली? शेवटचा प्रश्न विसरू नये. बाईचे नाव, गाव, वस्ती तिच्या संमतीने लिहावी. ही वही आधी आपल्याजवळ असेल, तर उद्या कोणत्याही पुस्तिकेला विचारता येईल की तुमच्या वाक्यात कर्ता कुठे आहे.

हे लिहीत असताना त्या मुलाचा फोन आला. वजडीची वाटी फार लोकांना आवडली, म्हणून नव्या पुस्तिकेत आजीचे नाव घालू या, असे मुख्य आचारी म्हणतो. "घालू का, सर?" मी म्हणालो, नाव घालायचे तर वस्तीही घाल, आणि 'काटकसर' हा शब्द काढायला सांग. तो बराच वेळ गप्प होता. "आजीला विचारतो," म्हणाला. मी आणखी आग्रह धरला नाही. नाव आजीचे आहे आणि नोकरी त्याची आहे. दोन्हींपैकी एकही माझे नाही.